कारंज्याच्या कापसातला डॉलर

कारंजा (घाडगे)ला उतरा आणि विचारा, इथे डॉलरचा व्यवहार कोण करतं? नागपूर-अमरावती महामार्गावरचं, वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, कापूस, सोयाबीन, तूर. लोक हसतील. इथल्या बँकेत पीककर्ज निघतं, सोनं गहाण पडतं. डॉलर कोणाला लागतो? पण गंमत अशी, की ज्याच्या ज्याच्या वावरात कापूस उभा आहे, तो जगातल्या सगळ्यांत मोठ्या बाजारात केव्हाच उतरलेला आहे. खातं न उघडता, कुठे सही न करता, आणि बहुतेक वेळा स्वतःला पत्ताही नसताना.

कसं ते बघा. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला, की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी जवळपास सगळी सरकी. जगाच्या बाजारात रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावरून बोलला जातो, आणि तो बोलला जातो पौंडाला इतके सेंट असा. ३४ किलो म्हणजे ७५ पौंड. हिशेबासाठी भाव ७० सेंट धरू. म्हणजे आपल्या क्विंटलात साडेबावन्न डॉलरची रुई दडलेली आहे. डॉलर ८५ रुपये असेल, तर ती झाली ४,४६२ रुपयांची. डॉलर ८६ झाला, तर ४,५१५ रुपयांची. न्यूयॉर्कमध्ये भाव एका सेंटानेही हलला नाही, वावरात एक बोंडही जास्त फुटलं नाही, आणि तरी क्विंटलमागे बावन्न-त्रेपन्न रुपयांचा फरक पडला!

हा फरक जसाच्या तसा शेतकऱ्याच्या हातात पडतो असं नाही. मध्ये हमीभाव येतो, देशातल्या गिरण्यांची मागणी येते, आयात शुल्क येतं. पण धक्का तिकडूनच येतो. शिवाय तोच शेतकरी दुसऱ्या बाजूनेही उभा आहे. डिझेलचं कच्चं तेल डॉलरमध्ये येतं, पोटॅश तर जवळपास सगळं बाहेरूनच येतं. म्हणजे रुपया घसरला की कापसात थोडं मिळतं आणि खतात थोडं जातं. संत्र्याची कथा आणखी वाकडी. विदर्भाच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. २०२२च्या सुरुवातीला एका डॉलरला ८६ टाका पडत होते, वर्षअखेरीस शंभराच्या वर. तिकडच्या व्यापाऱ्याला आपला माल त्यानेच महाग झाला, आणि त्यात बांगलादेश सरकारने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेलं. कारंज्याच्या बगीच्यातल्या झाडाचं आणि ढाक्याच्या टाक्याचं असं नातं असेल, हे कोणाच्या डोक्यात तरी येईल का?

वर्ध्याच्या मातीला हे नवीन नाही. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात थेट लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट याच नावाने ओळखला जायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांतून निघणारा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे डोळे लावून बसल्या. भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत इतका पैसा आला, की ठेवायला जागा पुरेना. मग रोज नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना. त्यातल्याच बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला.

इथे थोडं थांबू, कारण आजच्या चलन बाजारातली सगळ्यांत धोक्याची कळ तेव्हाच लोकांच्या हाती लागली होती. हे शेअर सगळेच काही रोख पैसे मोजून घेत नव्हते. सौदे व्हायचे वायद्याने: आज भाव ठरवायचा, पैसे १ जुलै १८६५ ला. तोवर भाव चढला तर फरक खिशात, आणि माल पाहायचीही गरज नाही. ज्याच्याकडे हजार रुपये तो लाखाचा सौदा करून मोकळा. प्रेमचंद रायचंद या सगळ्याचे अनभिषिक्त राजे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला, त्यांच्या आईच्या नावाने. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहू लागणार हे उघड झालं आणि भाव कोसळले. १ जुलैचा दिवस उजाडला तेव्हा देणं लागणारे सगळे आणि देऊ शकणारा जवळपास कोणी नाही. प्रेमचंद बुडाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळली गेली.

हिंगणघाटच्या शेतकऱ्यालाही पडत्या भावाचा फटका बसलाच. पण त्याचा धोका वावरातून आलेला होता. कापूस पेरला की तो आपोआप गळ्यात पडतो. मुंबईकरांनी घेतलेला धोका हौसेचा होता, आणि उसन्या पैशाने कित्येक पटींनी फुगवलेला. बाजार तोच, तारीख तीच, पण दोघांच्या नुकसानीची जात वेगळी. चलन बाजारात शिरू पाहणाऱ्या नव्या माणसाला मी एवढा एकच फरक आधी समजावून सांगेन, बाकी सगळी आकडेमोड मागाहून.

आता चलनाकडे येऊ. आपला रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७३च्या आसपास जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोनं धरलं, जगात चांदी स्वस्त झाली, आणि दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. तारेने मुंबई लंडनला जोडली गेली होतीच, १८७० साली. वर्धा खोऱ्यातल्या कापसाला आता दोन भाव सांभाळायचे होते, लिव्हरपूलचा आणि चांदीचा. शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीत कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घ्यायची मुभाच बंद केली.

पुढे असा काळ आला, की चलनांचे भाव हलणंच थांबलं. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या हॉटेलात ४४ देशांचे लोक जमले. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. ठरलं असं, की डॉलर सोन्याला बांधायचा, ३५ डॉलरला एक औंस, आणि बाकीची चलनं डॉलरला. त्यानंतर, सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनापासून ६ जून १९६६ पर्यंत, एका डॉलरचा भाव होता ४ रुपये ७६ पैसे. जवळजवळ सतरा वर्षं! आज सकाळी नऊ ते नऊ-पाचमध्ये भाव जितक्या वेळा बदलतो, तितक्यांदा तो त्या सतरा वर्षांत बदलला नाही. १९६६ साली एका झटक्यात साडेसात रुपये झाला, आणि पुन्हा स्थिर.

१५ ऑगस्ट १९७१ ला अध्यक्ष निक्सननी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. भाव मोकळे झाले. आता ज्याला सहा महिन्यांनी परक्या चलनात पैसे मिळणार किंवा द्यायचे आहेत, त्याने रात्री झोपायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर लंडनच्या बँकवाल्यांनी काढलं असेल असं वाटतं ना? काढलं शिकागोच्या अंडीवाल्यांनी. १८९८ साली लोणी आणि अंड्यांचा बाजार म्हणून सुरू झालेल्या तिथल्या एक्सचेंजने १६ मे १९७२ रोजी चलनांचे वायदे सुरू केले. अंड्याचा पुढचा भाव आज बांधता येतो, मग जर्मन मार्कचा का नाही, इतका सरळ विचार. डुकराच्या मांसाचे वायदे करणारी माणसं दुसऱ्या कोपऱ्यात येन आणि पौंड विकू लागली.

आपल्याकडे रुपयाचा भाव बाजारावर सोडला गेला मार्च १९९३ मध्ये, आणि डॉलर-रुपयाचा पहिला वायदा नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर उघडला २९ ऑगस्ट २००८ रोजी. दरम्यान जगाचा चलन बाजार कुठल्या कुठे गेला होता. एप्रिल २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकांच्या बाझलच्या बँकेने मोजदाद केली, तेव्हा तिथे दिवसाला साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती. भारताचं त्या काळचं वर्षभराचं उत्पन्न साडेतीन लाख कोटींच्या आतबाहेर. म्हणजे आपण सगळे मिळून वर्षभर जे पिकवतो, बनवतो, विकतो, तेवढं तिथे अर्ध्या दिवसात हात बदलतं! आणि शंभरातल्या ८८ सौद्यांत एका बाजूला डॉलर होता.

अशा समुद्रात कारंज्याचा माणूस उतरतो तो केवढ्या भांड्याने? एक्सचेंजवरच्या डॉलर-रुपयाच्या वायद्यात एक लॉट म्हणजे एक हजार डॉलर. भाव चार दशांशांपर्यंत लिहिला जातो आणि कमीत कमी पाव पैशाने हलतो. पाव पैसा! किराणा दुकानात पाव पैसा कोणी ओळखणारही नाही, पण हजार डॉलरने गुणलं की अडीच रुपये होतात. भाव दहा पैसे हलला की शंभर रुपये, एक रुपया हलला की हजार. नव्या माणसाने आधी एवढं पाठ करावं आणि मगच पडद्याकडे बघावं.

याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. या सगळ्या सौद्यांत एकही डॉलर इकडचा तिकडे जात नाही. महिन्याच्या शेवटच्या कामकाजी दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी, दुपारी साडेबाराला करार संपतो. त्या दिवशीचा अधिकृत संदर्भ दर बघायचा, ठरलेला भाव त्यातून वजा करायचा, आणि फरक रुपयांत द्यायचा-घ्यायचा. बस. तेही महिनाअखेरपर्यंत थांबून नाही. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा हिशेब लागतो, हरलेल्याच्या खात्यातून पैसे निघतात आणि जिंकलेल्याच्या खात्यात पडतात. १ जुलै १८६५ सारखा एक भयंकर दिवस येऊच नये म्हणून तो दिवस रोजच थोडाथोडा आणून ठेवलाय. मला या व्यवस्थेचं खरोखर कौतुक वाटतं. मुंबई बुडाली ती उधारी साचली म्हणून. इथे उधारी साचूच देत नाहीत.

पण जुनी कळ अजून तिथेच आहे. हजार डॉलरचा सौदा करायला ८५ हजार रुपये लागत नाहीत. एक्सचेंज अनामत मागतं, ती दोन-तीन टक्क्यांच्या घरात. अडीच टक्के धरा: २,१२५ रुपये. म्हणजे आपल्या पैशाच्या चाळीसपट सौदा. सब्बल घालून एकटा माणूस मोठा धोंडा उचलतो, तसं हे आहे. आणि धोंडा निसटला, की सब्बलीचं वरचं टोक ज्या वेगाने हनुवटीवर येतं, तेही तसंच.

किती वेगाने? २८ ऑगस्ट २०१३. अमेरिकेची मध्यवर्ती बँक स्वस्त पैशाचा नळ आवळणार या धास्तीने उन्हाळ्यापासून रुपया घसरत होता. त्या एका दिवसात तो २५६ पैशांनी पडला आणि ६८ रुपये ८० पैशांवर बंद झाला. ज्याने डॉलर विकून ठेवला होता, त्याचे लॉटमागे २,५६० रुपये गेले. वर सांगितलेल्या अनामतीपेक्षा जास्त, एका दिवसात. त्या संध्याकाळी किती जणांनी ठरवलं असेल, की आता डॉलरच घ्यायचा, तो सत्तरी गाठतोच! रात्री रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की तेल कंपन्यांना लागणारे डॉलर ती स्वतः देईल. दुसऱ्या दिवशी रुपया सव्वादोन रुपयांनी वर. दोन दिवसांत विकणारेही गेले आणि घेणारेही गेले.

अशा वेळी नवशिक्याला सांगितलं जातं, स्टॉप लॉस लाव. म्हणजे भाव अमुक ठिकाणी आला की सौदा आपोआप तोडायचा. लावायचाच. पण त्यावर आंधळा विश्वास ठेवायचा का? स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ साली जाहीर केलं होतं, की एका युरोला १.२० फ्रँकपेक्षा कमी भाव आम्ही होऊ देणार नाही. तीन वर्षांहून अधिक काळ तो शब्द टिकला. लोकांनी मोठमोठे सौदे केले आणि १.२० च्या किंचित खाली स्टॉप लावून निवांत बसले. १५ जानेवारी २०१५ च्या सकाळी बँकेने कसलीही चाहूल न देता शब्द मागे घेतला. फ्रँक काही मिनिटांत तीस टक्क्यांच्या आसपास उसळला. स्टॉप होते १.१९ ला, पण त्या भावाला घेणारा कोणी उरलाच नव्हता. सौदे तुटले ते कुठल्या कुठे खाली. अल्पारी या चलन-दलालाची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली. एफएक्ससीएम या अमेरिकी दलाल कंपनीच्या ग्राहकांनी होतं नव्हतं ते तर घालवलंच, वर सुमारे साडेबावीस कोटी डॉलर देणं करून ठेवलं.

आपल्या बाजारात अशी फट रोज रात्री पडते. एक्सचेंज पाच वाजता बंद होतं, आणि अमेरिका तेव्हा जेमतेम जागी होत असते. तिथले रोजगाराचे आकडे आपल्या संध्याकाळी येतात, व्याजदराचा निर्णय मध्यरात्रीच्या आगेमागे. सकाळी नऊला भाव उघडतो तो कालच्या ठिकाणाहून नाही, रात्री जग जिथे पोचलं तिथून. तुमचा स्टॉप त्या रिकाम्या जागेत कुठेतरी लटकत राहिलेला असतो.

मग हातात काय उरतं? सौद्याचा आकार. आणि इथलं गणित इतकं साधं आणि इतकं थरारक आहे, की ते शाळेत का शिकवत नाहीत असं वाटतं.

एक लाख रुपये आहेत. प्रत्येक सौद्यात हातातल्या रकमेच्या दोन टक्के हरण्याची तयारी ठेवणारा माणूस लागोपाठ दहा वेळा हरला, तर त्याच्याकडे उरतात ८१,७०० रुपये. दुखेल, पण माणूस उभा आहे. दर वेळी वीस टक्के लावणारा तसाच दहा वेळा हरला, तर उरतात १०,७०० रुपये. आता पुन्हा लाखावर यायला पहिल्याला बावीस-तेवीस टक्के कमवायचे आहेत आणि दुसऱ्याला हातातल्या रकमेच्या आठपटींपेक्षा जास्त. दहा टक्क्यांचा खड्डा अकरा टक्क्यांनी भरतो. पन्नास टक्क्यांचा भरायला शंभर लागतात. नव्वद टक्क्यांचा खड्डा माणसाच्या हयातीत भरेल याची काही खात्री नाही.

लागोपाठ दहा वेळा कोण हरतं, असं वाटेल. दहा राहू द्या, पाचच धरा. नाणं शंभर वेळा उडवा. ओळीने पाच वेळा छापा पडण्याची शक्यता किती असेल? बहुतेक जण दहा-वीस टक्के सांगतात. खरं उत्तर ८१ टक्के! काहीही वाईट न घडता, कोणाचीही चूक नसताना, शंभर सौद्यांत पाच हारींची माळ येणं हेच साहजिक आहे. आणि ती माळ आली, की माणूस घाबरून किंवा चिडून सौदा दुप्पट करतो. बुडतो तो त्यानंतर.

म्हणून हिशेब उलटा करायचा. आधी ठरवायचं किती हरू शकतो: लाखाचा एक टक्का, हजार रुपये. मग बघायचं, आपला अंदाज चुकला हे किती पैशांवर कळेल: समजा ४० पैशांवर. म्हणजे लॉटमागे ४०० रुपये. हजारात दोन लॉट बसतात, तिसरा नाही. अनामतीच्या हिशेबाने त्या लाखात चाळीसहून जास्त लॉट घेता आले असते. एक्सचेंज किती घेऊ देतं आणि आपण किती घ्यावेत, यांत वीसपटींचं अंतर!

आणखी एक चकवा सांगून टाकतो, कारण त्यात हुशार माणसंही अडकतात. वर्षभरानंतरच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग दिसतो. लोक म्हणतात, बघा, बाजारालाच माहीत आहे डॉलर चढणार! बाजाराला काहीही माहीत नसतं. भारतात व्याज साडेसहा टक्के आणि अमेरिकेत साडेचार धरा. ८५ रुपये इथे ठेवले तर वर्षाने ९०.५३ होतात, तेच एक डॉलर करून तिकडे ठेवले तर १.०४५ डॉलर. दोन्ही वाटा सारख्या सुटायच्या, तर वर्षानंतरचा डॉलर ८६.६३ लाच बसावा लागतो, नाहीतर बँका एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतत फुकटचा पैसा उपसतील. तो एक रुपया त्रेसष्ट पैशांचा फरक म्हणजे दोन देशांच्या व्याजाची वजाबाकी. डॉलर घेऊन बसणाऱ्याने तो आधीच मोजलेला असतो. डॉलर तेवढा चढला, तर त्याला मिळालं शून्य.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि रीलमध्ये डॉलरच्या नोटांचा पंखा करून वारा घेणारी पोरं हे कधीच सांगत नाहीत. मोबाइलवर युरो-डॉलर, पाचशेपट सौदा, चोवीस तास चालू, असं दाखवणारी परदेशी अ‍ॅप्स आपल्या कायद्यात बसत नाहीत. भारतात राहणाऱ्याला चलनाचे वायदे करायचे तर मान्यताप्राप्त एक्सचेंजवर किंवा अधिकृत बँकेमार्फत. परदेशात मार्जिन भरायला पैसे पाठवायची परवानगी नाही, आणि परकीय चलनाच्या फेमा कायद्यात दंड आहे रकमेच्या तिपटीपर्यंत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत मंचांची पहिली यादी काढली तेव्हा तीत ३४ नावं होती. यादी नंतर वाढतच गेली. नाव यादीत नाही म्हणजे ते बरोबर, असंही समजू नका. खात्री करायची तर अधिकृत मंच कोणते, ते बघायचं. अशा अ‍ॅपवर पडद्यावरचा नफा कितीही फुगला, तरी पैसे काढायला गेल्यावर काय होतं ते आपल्याकडच्या सायबर पोलिसांना विचारा.

आणि कायदेशीर ठिकाणी तरी लोक कमावतात का? युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये सांगितलं, की असे फरकाचे सौदे करणाऱ्या किरकोळ ग्राहकांपैकी ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात असतात. आपल्या सेबीने २०२४ मध्ये शेअरच्या वायदे-ऑप्शन्सचा हिशेब मांडला: तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्तींनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. बाप्पा! आणि त्यातला काही भाग दलाली नि शुल्कांत गेलेला.

रुपयाच्या बाबतीत रिझर्व्ह बँक आणखी पुढे गेली. ३ मे २०२४ पासून एक्सचेंजवर डॉलर-रुपयाचा सौदा करायचा, तर तुमच्याकडे खरोखरचं काही डॉलरचं येणं किंवा देणं असायला हवं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावा लागत नाही, पण ते येणं-देणं असलंच पाहिजे. नियम स्पष्ट होताच एक्सचेंजवरची उलाढाल धाडकन खाली आली. गर्दीतल्या किती जणांचा डॉलरशी काही संबंध होता, याचं उत्तर त्या घसरणीनेच देऊन टाकलं.

मग कारंज्यात हा बाजार कोणाच्या कामाचा? घरातल्या मुलीला अमेरिकेत प्रवेश मिळालाय आणि जानेवारीअखेर दहा हजार डॉलर फी भरायचीय, असं घर धरा. जानेवारीचा वायदा ८६ ला आहे. बापाने दहा लॉट घेतले. करार संपताना डॉलर ८९ झाला, तर फीसाठी ८ लाख ९० हजार मोजावे लागतात, पण वायद्यात ३० हजार मिळतात. निव्वळ ८ लाख ६० हजार. डॉलर ८३ वर उतरला, तर फी पडते ८ लाख ३० हजार आणि वायद्यात ३० हजार जातात. पुन्हा ८ लाख ६० हजार. भाव वर जावो की खाली, रक्कम तीच! दलाली आणि बँकेच्या दरातली तफावत वगळता एक पैसा इकडे तिकडे नाही. शेजारच्याने फी वगैरे काही नसताना तेच दहा लॉट त्याच भावाला घेतले असते, तर डॉलर उतरल्यावर २१,५०० च्या अनामतीवर तीस हजार गमावून बसला असता.

बापालाही एक अडचण आहेच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रुपया सुधारला, तर रोज संध्याकाळी त्याच्या खात्यातून पैसे वजा होत राहतील, आणि फी स्वस्त झाल्याचा फायदा मात्र जानेवारीतच दिसेल. मधल्या काळासाठी अनामतीच्या वर तीस-चाळीस हजार रोख बाजूला हवेत, नाहीतर दलाल सौदा मधेच तोडून टाकतो आणि सगळी मांडणी विस्कटते. हा ताप नको असेल, तर बँकेकडून पुढच्या तारखेचा भाव बांधून घेता येतो. तिथे रोजचा हिशेब नसतो. तो भाव विचारायला जाताना त्या दिवशीचा बाजारातला दर आधी बघून जावं. छोट्या ग्राहकांना बँकांमधला खरा दर दिसावा म्हणून क्लिअरिंग कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच काढला आहे. दोन दरांत डॉलरमागे पन्नास पैशांची तफावत निघाली, तर दहा हजार डॉलरवर ते पाच हजार रुपये झाले, आणि त्यावर काउंटरवर उभं राहून घासाघीस करता येते.